छापील पॅटर्नवरून फोमचं चिलखत: कागदावरची रेघ फोमवर नेमकी उतरवायची कशी

शाळेचं स्नेहसंमेलन असो की शिवजयंतीचं नाटक, अंगरखा, मुंडासं आणि शेला भाड्याने सहज मिळतो. अडतं ते चिलखतापाशी. चंदेरी कागद चिकटवलेला पुठ्ठा दुसऱ्या प्रवेशापर्यंत काखेत मोडलेला असतो आणि मुलाला हात वर करता येत नाही. म्हणून गेली काही वर्षं मी इव्हीए फोम वापरते. चपलेच्या तळव्याला आणि मुलांच्या खोलीतल्या जोडणीच्या चटयांना असतो तोच हा फोम. तो हलका असतो, वाकतो, उष्णतेने आकार धरतो, आणि रंग दिल्यावर चार हातांवरून धातूच वाटतो.

पॅटर्न इंटरनेटवर मिळतात, कापायला ब्लेड पुरतं आणि चिकटवायला डिंक. तरीही पहिल्यांदा करणाऱ्यांचे तुकडे जुळत नाहीत. दोष दिसतो चिकटवताना, पण तो पडलेला असतो फार आधी, कागदावरची रेघ फोमवर उतरवताना. माझं स्पष्ट मत आहे की कापायला आणि चिकटवायला मिळून जेवढा वेळ लागतो तेवढाच या उतरवण्याला द्यावा. हा लेख त्याबद्दलच आहे.

उदाहरण म्हणून बारा वर्षांच्या मुलाचे दस्ताने आणि चारआईना घेऊ. दस्ताना म्हणजे मनगटापासून कोपराकडे जाणारं हाताचं संरक्षण. चारआईना म्हणजे कड्यांच्या चिलखतावर बांधायचे चार पत्रे: छातीवर एक, पाठीवर एक आणि दोन्ही काखांखाली एकेक. फारसीत या शब्दाचा अर्थच चार आरसे. काखेखालच्या दोन पत्र्यांना वरच्या बाजूला हाताच्या हालचालीसाठी अर्धगोल खाच असते आणि मूळ कारागिराची हुशारी तिथेच दिसते. पुण्यात असाल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्या शस्त्रांच्या दालनात एकदा नक्की जाऊन या. काठ कसे वळवले आहेत, पट्टे कुठे अडकवले आहेत, हे डोळ्यांनी पाहिलं की पॅटर्नमधल्या रेघा कळू लागतात.

आधी माप, मग छपाई

पॅटर्न बहुधा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. तो लहान करताना अंदाज नको, भागाकार करा. आमच्या मुलाचा कोपराखालचा घेर २१ सेंमी आहे. आत अंगरख्याची बाही येणार, तिचे २ सेंमी. झाले २३. आता फोमची जाडी. जाड वस्तू गोल वळवली की आतली बाजू आखडते आणि बाहेरची ताणली जाते. त्यामुळे सपाट तुकड्याची लांबी आतल्या घेरापेक्षा जास्त लागते, साधारण जाडीच्या ३.१४ पट. ५ मिमी फोमसाठी हे होतात सुमारे १.६ सेंमी. म्हणजे २४.६. दस्ताना आतल्या बाजूने नाडीने आवळायचा, तिथे २ सेंमीची फट ठेवायची. उरले २२.६. पॅटर्नमधली तीच कड २८ सेंमी असेल तर २२.६ भागिले २८, म्हणजे जवळपास ८१ टक्के. छपाई ८१ टक्क्यांवर.

जाडीचा हिशेब पहिल्यांदा करणारे हमखास विसरतात. कागद गुंडाळून बघितला तर छान बसतो, आणि फोमचा दस्ताना मात्र हातात शिरत नाही.

आता लांबी. मूळ लांबी २७ सेंमी, तिचे ८१ टक्के सुमारे २२. मुलाचं मनगट ते कोपराची घडी मात्र २० सेंमी, आणि कोपर वाकायचं तर दस्ताना १८ सेंमीपेक्षा लांब नको. मुलांचे हात मोठ्यांच्या हातांची लहान प्रत नसतात. त्यामुळे घेर आणि लांबी एकाच टक्क्याने जुळतील अशी अपेक्षा ठेवू नका. छापलेल्या कागदाला मधोमध ४ सेंमीची आडवी चुणी घाला, ब्लाउजची लांबी कमी करायला शिंपी कागदी फर्म्याला घालतो तशी. तुकडा निमुळता असल्यामुळे चुणीजवळ बाजूच्या रेघेला पायरी पडेल. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत पट्टीने नवी सरळ रेघ ओढा, पायरी नाहीशी होते.

झेरॉक्सच्या दुकानात जाणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. फाइल पीडीएफ असावी, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ती फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. फोटो म्हणून गेलेली प्रतिमा दाबली जाते आणि तिचं मूळ माप हरवतं. छापताना ‘फिट’ हा पर्याय बंद करायला सांगा आणि टक्केवारी स्वतः सांगा. हा पर्याय चालू असला की प्रिंटर समासात बसवण्यासाठी चित्र गुपचूप थोडं लहान करतो. माझा एक अख्खा चारआईना यात गेला. चारही पत्रे तयार झाले, रंग दिला, आणि मुलाच्या अंगावर बांधले तर पट्ट्यांची टोकं एकमेकांना पोचेनात.

तेव्हापासून फाइलमध्ये १० सेंमीची एक उभी आणि एक आडवी रेघ मी स्वतः घालते. १०० टक्क्यांवर छापलं की त्या दोन्ही रेघा स्टीलच्या पट्टीने मोजायच्या. ८१ टक्क्यांवर छापलं तर त्या ८.१ सेंमी भरायला हव्यात. उभी बरोबर आणि आडवी किंचित कमी असंही होतं, कारण कागद ओढला जातो त्या दिशेला काही प्रिंटर थोडे चुकतात. १० सेंमीत १ मिमीची चूक म्हणजे ३० सेंमीच्या पत्र्यात ३ मिमी. छातीच्या एकसंध पत्र्याला ती चालून जाते, पाकळ्यांसारखे तुकडे जोडून केलेल्या शिरस्त्राणाला चालत नाही.

ए-४ कागद २१० बाय २९७ मिमीचा, आणि काठाचे काही मिमी प्रिंटर सोडतोच. आमचा छातीचा पत्रा २४ सेंमी रुंद आहे, तो त्यात मावत नाही. पण त्याचे दोन अर्धे सारखेच असतात, म्हणून एकच अर्धा छापा, एक मोठा कागद दुमडून त्याच्या घडीवर छापलेल्या अर्ध्याची मधली रेघ ठेवा आणि सगळे थर एकत्र कापा. डावी-उजवी बाजू आपोआप तंतोतंत सारखी होते. मोठ्या माणसाचं माप असेल तर पोस्टर पद्धतीने अनेक पानांवर छापावं लागतं. तेव्हा पानांच्या कडा एकमेकींवर चढवून कोपऱ्यातल्या खुणा जुळवा. कागद खिडकीच्या काचेवर धरला की खालची खूण वरून स्पष्ट दिसते. सगळी पानं जोडल्यावर दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर जोड कुठेतरी तिरपा गेला आहे. तो तिथेच सोडवून पुन्हा लावा.

फर्मा: कागद आणि फोम यांच्यामधली पायरी

छापलेला कागद थेट फोमवर ठेवून गिरवू नये. ७५-८० जीएसएमचा, म्हणजे झेरॉक्सचा नेहमीचा पातळ कागद पेनाच्या टोकाखाली दबतो, सरकतो, आणि दुसरा तुकडा गिरवेपर्यंत त्याची कड फाटलेली असते. आधी जाड कार्डाचा फर्मा करा. यासाठी घरातली सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. नव्या शर्टाच्या घडीतला पुठ्ठाही उत्तम. खोक्याचा नालीदार पुठ्ठा नको, त्याची कड चेपते आणि रेघ नागमोडी येते.

कागद कार्डावर चिकटवायला ग्लू स्टिक वापरा. पांढरा पातळ डिंक लावला की कागद ओला होऊन फुगतो, सुरकुततो, आणि इतक्या काळजीने जपलेलं माप हातचं जातं. पावसाळ्यात तर जास्तच.

कार्ड कापण्यापूर्वी त्यावर पुढची माहिती लिहून टाका. नंतर लिहू म्हटलं की राहतं:

– तुकड्याचं नाव आणि असे किती कापायचे
– वरची दिशा दाखवणारा बाण
– डावा की उजवा, आणि कोणती बाजू सुलटी
– किती जाडीच्या फोमसाठी
– जोडखुणा

जोडखुणांबद्दल थोडं सविस्तर सांगते. दोन कडा जिथे एकमेकींना मिळणार तिथे दर ४-५ सेंमीवर दोन्ही कडांना काटकोनात छोटी रेघ हवी, आणि प्रत्येक जोडीला अक्षर: क ला क, ख ला ख. वक्र कडेवर त्या जवळ-जवळ द्या, सरळ कडेवर दूर चालतील. पॅटर्नमध्ये त्या नसतील तर स्वतः घाला. दोन्ही कडांवर धागा अंथरून लांबी मोजायची आणि ती समान भागांत वाटायची. इथेच पॅटर्नची परीक्षाही होते. एक कड १९ सेंमी आणि तिची जोडीदार १९.८ भरली तर चूक कागदावरच सापडली, फोम वाचला.

शिवणकाम येणाऱ्यांना इथे एक सवय बाजूला ठेवावी लागते. फोमला माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेली जास्तीची कड, नसते. कापडाच्या दोन कडा एकमेकींवर येतात, फोमच्या दोन कडा समोरासमोर भिडतात. ‘राहू दे थोडं जास्त’ म्हणून सोडलेला प्रत्येक मिलिमीटर शेवटी बाहेर फुगवटा होऊन येतो.

रेघ ओढताना

फोमला दोन बाजू असतात. एक गुळगुळीत, दुसरी खडबडीत किंवा जाळीची नक्षी असलेली. गुळगुळीत बाजू बाहेर दिसायला हवी, म्हणून आखणी खडबडीत बाजूवर, म्हणजे आतून करा. तसं केलं की खुणा, अक्षरं आणि खाडाखोड कायमची आत राहतात. मात्र आतून आखताना फर्मा पालथा ठेवावा लागतो. छातीच्या पत्र्याला फरक पडत नाही, कारण तो दोन्हीकडून सारखा असतो. काखेच्या पत्र्याला आणि दस्तान्याला पडतो. एक पालथा आखायचा, दुसरा सुलटा, म्हणजे डावा-उजवा अशी जोडी होते. दोन्ही पालथे आखले तर दोन डावे हात तयार होतात.

फर्मा हलू नये म्हणून टाचण्या टोचू नका. टाचणीचं भोक आत्ता दिसत नाही, पण हीटगनची (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राची) ऊब लागली की उघडतं आणि रंगाखाली ठिपका उमटतो. मधोमध दोन वजनं ठेवा किंवा मास्किंग टेपचे छोटे तुकडे लावा. मी स्वयंपाकघरातला पितळी खलबत्ता वापरते. जड आहे, आणि बूड सपाट.

काळ्या किंवा राखाडी फोमवर चंदेरी जेल पेन सगळ्यात स्पष्ट दिसतं. शिंप्याची पांढरी पेन्सिलही चालते, फक्त तिला टोक काढत राहावं लागतं. फिक्या फोमवर बॉलपेन हलक्या हाताने. परमनंट मार्कर मात्र नको. त्याची रेघ जाड येते, आणि त्याची शाई रंगाच्या दोन-दोन थरांतून वर झिरपते. कोणतंही नवं पेन आधी फोमच्या कपच्यावर ओढून, त्यावर आपला रंग लावून एक रात्र ठेवून बघा.

पेन उभं धरा. तिरकं धरलं की टोक कधी फर्म्याच्या खाली शिरतं, कधी दूर जातं. कोपऱ्यावर न थांबता रेघ थोडी पुढे न्या आणि दुसरी रेघ तिला ओलांडू द्या. छेदाचा बिंदू म्हणजेच नेमका कोपरा.

पेन फर्म्याच्या बाहेरून फिरतं, त्यामुळे रेघ तुकड्यापेक्षा अर्धा मिलिमीटर तरी बाहेर पडते. म्हणून कापताना पातं रेघेच्या आतल्या काठावरून जायला हवं, म्हणजे रेघ टाकाऊ भागावर राहील. हा अर्धा मिलिमीटर किरकोळ वाटतो. सहा पाकळ्यांचं शिरस्त्राण करून बघा. सहा पाकळ्यांच्या बारा कडा, प्रत्येकीवर अर्धा मिलिमीटर, म्हणजे घेरात ६ मिमी. शिवाय वर पाकळ्यांची टोकं एकत्र येतात तिथे बारीक निमुळत्या टोकांना तेवढी जागाच नसते, मग कळसापाशी टेंगूळ येतं.

फर्मा उचलण्यापूर्वी जोडखुणा, अक्षरं आणि बाण फोमवर आले का ते पाहा. तिरप्या कापाच्या कडांजवळ बारीक तिरप्या रेघांची पट्टी काढा आणि उतार आत की बाहेर ते लिहा. असा काप आधी सरळ घ्यायचा, मग तासायचा.

नक्षी उतरवायची असेल तर

छातीच्या पत्र्यावर मधोमध सूर्य किंवा काठाने वेल असेल, तर ती दिसणाऱ्या बाजूवरच काढावी लागते. तिथे फर्मा कामाचा नाही. कार्बन पेपर आठवेल, पण त्याचा तेलकट डाग रंगाला धरू देत नाही.

यावर मला सापडलेला उपाय आपल्या दारातलाच आहे. रांगोळीच्या ठिपक्यांसाठी उदबत्तीने भोकं पाडलेला कागद आठवतो? कागद अंथरायचा, वरून रांगोळी फिरवायची, उचलला की ठिपके सरळ रांगेत. इथेही तेच, फक्त भोकं सुईची. नक्षीचा कागद चौपदरी पंचावर ठेवा आणि रेघेवर दर २-३ मिमीवर सुई टोचा. सुई उभी हवी. लांब वेलीसाठी शिंप्याचं दातेरी चाक फिरवलं तर काम लवकर होतं. कागद उलटा करून मागे उठलेले खरखरीत कंगोरे बारीक सॅंडपेपरने हलकेच घासा, नाहीतर भोकं पुन्हा मिटतात आणि पूड खाली उतरत नाही.

मग कागद टेपने पक्का करा. जुन्या मलमलच्या तुकड्यात टाल्कम पावडर किंवा शिंप्याच्या खडूची वस्त्रगाळ पूड बांधून पुरचुंडी करा आणि ती भोकांवरून हलकी आपटत न्या. घासायची नाही, आपटायची. कागद सरळ वर उचला. काळ्या फोमवर पांढऱ्या ठिपक्यांची वेल उमटलेली दिसेल. फुंकर मारू नका, लगेच जेल पेनाने ठिपके जोडा आणि मग कोरड्या फडक्याने पूड झटका. पत्रा मधल्या रेघेवर सारखा असेल तर कागद पालथा घालून दुसरी बाजूही त्याच भोकांतून उतरते.

ही रेघ ब्लेडने फक्त १ ते १.५ मिमी खोल चिरायची. वरून हीटगन फिरवली की चीर उघडते आणि नक्षी कोरल्यासारखी दिसते. २ मिमीच्या मऊ फोमवर याहून सोपं होतं. छापलेला कागद ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून गिरवा, फोमवर खळी उमटते.

इस्त्रीने छपाईची शाई थेट फोमवर उतरवण्याचे प्रयोगही लोक करतात. मी सुचवणार नाही. शाई उतरण्याइतकी उष्णता दिली की फोमही आकसतो, आणि मग माप कशालाच उरत नाही.

कापणं आणि जोडणं, थोडक्यात

ब्लेड नवं हवं. बोथट पातं फोम कापत नाही, ओढतं, आणि कडेला दाणेदार फाटल्यासारखं टेक्स्चर येतं. धारदार पातं लोण्यातून गेल्यासारखं जातं आणि कापलेली कड बोटाला रेशमी लागते. स्नॅप-ऑफ कटरचा एक तुकडा दस्तान्याच्या एका जोडीपुरता धरा, मग मोडून नवा. ५-६ मिमी फोम एका झटक्यात कापायचा हट्ट नको. पहिला हात रेघ पकडायला, दुसरा खोल जायला, तिसरा आरपार. पातं काटकोनात राहतंय ना ते दर वेळी बघा. काखेच्या खाचेसारख्या वळणावर मनगट वळवू नका, फोमच दुसऱ्या हाताने फिरवा.

कापल्यावर तुकडा फर्म्यावर ठेवून ताडून बघा. जास्तीचं तासता येतं, कमी पडलेलं वाढवता येत नाही.

छातीचा आणि पाठीचा पत्रा चिकटवण्याआधीच हीटगनने गरम करून मांडीवर दाबून वळवा. पृष्ठभागावर हलकी चकाकी आली की पुरे. हे काम गच्चीत किंवा खिडकीशी करा. जोडायला फेविकॉल एसआरसारखा कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह. दोन्ही कडांना पातळ लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, मग क ला क लावून एका टोकापासून दाबत जायचं. हा डिंक टेकला की सुटत नाही, आणि म्हणूनच जोडखुणांवर एवढा वेळ घालवला. त्याचा वास डोकं चढवतो, मुलांना जवळ बसवू नका. सॅंडपेपर मारताना नाकावर मास्क हवाच, ती धूळ फार बारीक असते. रंगाआधी पांढऱ्या फेविकॉलचे पाणी घातलेले तीन-चार पातळ हात दिले की भोकं बुजतात आणि अ‍ॅक्रिलिक रंग कमी लागतो.

रंगाआधी एकदा मुलाला सगळं बांधून बघा. तलवार उपसायला लावा, हात डोक्यावर न्यायला लावा, खाली बसवा. काखेचा पत्रा वर टोचला तर खाच अर्धा सेंमी खोल करा आणि तोच बदल लगेच फर्म्यावरही करा. कारण पुढच्या वर्षी फोम नवा येईल, फर्मा हाच असेल. मी प्रत्येक संच जुन्या कॅलेंडरच्या पानात गुंडाळून खिळ्याला टांगते. त्यावर लिहिलेलं असतं: वय १२, छाती ६८, कोपराखाली २१, फोम ५ मिमी, छपाई ८१ टक्के, लांबीत ४ सेंमी चुणी.